घाटमाथ्यावरची सामाईक जमीन आणि बंद घरे: विक्रीआधी वाटप का हवे?

शिवसागरकाठ

नमस्कार मंडळी. जावळी तालुक्यात बामणोलीच्या पुढे, कोयना धरणाच्या फुगवट्यालगत आमची वाडी आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी चढले, तेव्हा खालची भाताची खाचरे बुडाली. काही कुटुंबे पुनर्वसनात ठाणे, रायगड, सोलापूर अशा जिल्ह्यांत गेली आणि जी राहिली ती वरच्या टेपावर सरकली. आज वाडीत बारमाही चूल पेटते अशी घरे थोडीच आहेत. बाकीच्या घरांना कुलपे असतात. ती यात्रेला आणि गौरी-गणपतीला उघडतात आणि चाकरमानी परतले की पुन्हा लागतात.

आमच्या आजोबांच्या नावावरची जमीन आता तिसऱ्या पिढीत सामाईक आहे. सातबाऱ्यावर जी नावे आहेत त्यांतील काही माणसे कधीच वारली, काहींच्या वारसांची नोंद झालेली नाही, आणि लग्न होऊन गेलेल्या आत्यांची नावे तर लागलीच नाहीत. इतकी वर्षे याने कोणाचे अडले नाही, कारण जमिनीला भावच नव्हता. २०१२ साली कास पठार पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत गेले, तेव्हापासून आमच्या रस्त्याने पर्यटक येऊ लागले, आणि नवीन महाबळेश्वर प्रकल्पाची चर्चा सुरू झाल्यापासून जमीन पाहायला येणाऱ्या गाड्या वाढल्या. मुंबईतल्या दोघा चुलत भावांनी एका मध्यस्थाला कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार, देण्याची तयारी चालवली आहे.

माझा विक्रीला सरसकट विरोध नाही. माझे म्हणणे इतकेच आहे, की आधी वारसांच्या नोंदी पूर्ण व्हाव्यात, मग सर्वांच्या संमतीने वाटप व्हावे, आणि ज्याला विकायचे असेल त्याने आपला ठरलेला हिस्सा विकावा. शिवाय वाटप करताना, इतकी वर्षे गावात राहून जमीन आणि घरे ज्यांनी राखली, त्यांच्या राखणीचा काही हिशेब धरला जावा. कागदावर सर्व हिस्सेदार सारखेच दिसतात. पण घर उभे राहते ते कागदावर नाही.

हे मी आमच्या थोरल्या चुलत्यांच्या बंद घरावरून सांगतो. आमच्या भागात पावसाळा म्हणजे चार महिने झड असते. शेजारच्या महाबळेश्वरची वार्षिक सरासरीच साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर आहे. उन्हाळ्यात वानरे कौलांवरून उड्या मारतात आणि एखादे कौल हातभर सरकते. घरात माणूस असेल तर पहिल्या वळवाला गळती दिसते आणि कौल जागेवर बसवले जाते. घर बंद असेल तर तेच पाणी वाशावरून उतरत भिंतीच्या माथ्यावर मुरत राहते, माती फुगते आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात मागची भिंत ओटीकडे झुकते. दुसरा शत्रू वाळवी. चुलीच्या धुराने वासे काळे राहतात, तोवर तिला थारा मिळत नाही. चूल विझली की ती पायापासून चढते. म्हणून आमची आई आजही आठवड्यातून एकदा त्या घराचे कुलूप उघडते, माजघरात शेणी पेटवून धूर करते आणि आगोटीच्या आधी कौले चाळून घेते. हे काम कोणत्याही उताऱ्यात नोंदलेले नाही.

वाटपाची पद्धत, आत्यांचा हक्क, मध्यस्थाचे कुलमुखत्यारपत्र आणि राखणीचा मोबदला या चारही गोष्टींवर जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त अव्वल कारकून

आपण क्रम अचूक धरला आहे. महसूल खात्यातील नोकरीत डोंगरी गावांचे दप्तर मी बरीच वर्षे हाताळले आहे, त्यामुळे कागदांपुरते सांगतो.

प्रथम आजोबांपासूनचे सर्व जुने फेरफार काढावेत, म्हणजे जमिनीवरील हक्क बदलल्याच्या नोंदी, गाव नमुना ६ चे उतारे. सातबारा आजची स्थिती दाखवतो, पण एखादे नाव कसे आले आणि दुसरे कसे गळले याचे उत्तर फेरफारातच मिळते. अनेक कुटुंबांत जुन्या काळी थोरल्या भावाचे नाव ‘एकत्र कुटुंबाचा कर्ता’ म्हणून लागले आणि पुढे त्याच्या मुलांनी ती जमीन केवळ आपलीच मानली. जुना फेरफार हातात असला तर असा वाद बैठकीतच मिटू शकतो. त्याबरोबर आठ-अ चा उतारा घ्यावा, म्हणजे एका खात्यावर कोणकोणते गट आहेत ते एकत्र कळते.

वारसांची नोंद जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत कळवायची असते. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, नोंद नंतरही होते. मृत्यूचे दाखले, सर्व वारसांची नावे, वये आणि पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यावा. तो वारस नोंदवहीत, म्हणजे नमुना ६-क मध्ये नोंद घेतो, फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. राज्य शासनाने २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेतली ती याच कामासाठी, मृत खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठी. आपल्या गावात त्या मोहिमेत काय झाले ते चावडीवर जाऊन पाहावे.

वारस लागल्यावर, सर्व सहधारकांची संमती असेल तर कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. एकाचीही हरकत असेल आणि ती मालकीहक्काविषयी असेल, तर तहसीलदार निर्णय देऊ शकत नाहीत. दिवाणी न्यायालयात जावे लागते. तिथे हुकूमनामा झाला तरी शेतसाऱ्याच्या जमिनीची प्रत्यक्ष विभागणी पुन्हा महसूल यंत्रणेमार्फत होते. म्हणून आठ-दहा बैठका लागल्या तरी चालेल, पण संमती मिळवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

घरांविषयी एक सूचना. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा पुष्कळ लोक मालकीचा पुरावा समजतात. तो कर आकारणीचा कागद आहे. गावठाणातील घरांसाठी २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन सनद आणि मिळकत पत्रिका दिली जाते. आपल्या वाडीची मोजणी झाली असेल, तर बंद घरांची मिळकत पत्रिका कोणाच्या नावाने निघाली हे तातडीने तपासावे. मोजणीच्या दिवशी जो हजर होता त्याचे नाव लागले आणि मुंबईकर भावाचे राहिले, असे घडू शकते. उलट, टेपावरची आपली घरे गावठाणाच्या हद्दीबाहेर, शेतीच्या गटात असतील, तर त्यांना ही योजना लागूच होणार नाही आणि घराखालची जागा सातबाऱ्यावरच राहील. पाण्यामुळे वर सरकलेल्या वस्त्यांत ही शक्यता मोठी आहे.

माथाडीपुत्र

धागाकर्त्यांच्या आईंविषयी मनापासून आदर आहे. तरीही दुसरी बाजू येथे मांडली जाणे आवश्यक वाटते.

माझे वडील पाटण तालुक्यातले. मस्जिद बंदरला आणि नंतर वाशीच्या बाजारात त्यांनी पाठीवर पोती वाहिली. जावळी-पाटणच्या हजारो घरांची हीच कथा आहे. माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील आमच्याच तालुक्यातले आणि १९६९ चा माथाडी कायदा त्या लढ्यातून आला. पण त्याआधीच्या पिढीला ना हजेरीची खात्री होती ना औषधपाण्याची. आमच्या गावच्या मंडळाची मुंबईत एक खोली होती. तिथे पाळीपाळीने झोपून वडिलांनी दर महिन्याला गावी मनीऑर्डर केली. गावाकडच्या घरावर गवत जाऊन कौले आली ती त्या पैशांनी, बैलजोडी आली ती त्या पैशांनी, आणि दोन आत्यांची लग्नेही त्याच पैशांनी झाली. मनीऑर्डरीच्या पावत्या कोणी जपून ठेवल्या नाहीत. म्हणून राखणीचा हिशेब धरायचा असेल तर तो दोन्ही बाजूंचा धरावा लागेल.

आणखी एक. आज जो भाऊ विकायला निघाला आहे तो हावरा आहे असे सहज गृहीत धरले जाते. चाळीची खोली गेली, पुनर्विकासात भाड्याची तारांबळ, आईवडिलांचे आजारपण, मुलांची फी, या रेट्याखाली माणूस गावाकडच्या त्या एका हिश्श्याकडे पाहतो. त्याला ‘विकू नकोस’ असे सांगणाऱ्याने ‘मग मी घेतो, वाजवी भावाने घेतो’ असेही म्हणायला हवे. आमच्या घरात हे कोणी म्हटले नाही आणि जमीन बाहेर गेली. त्याचे दुःख मलाही आहे, पण त्याचा दोष मी एकट्या विकणाऱ्यावर टाकणार नाही.

जावळीची लेक

धाग्यात आत्यांचा उल्लेख आला, पण नोंदीत राहून गेलेले नाव एवढाच आला. त्या हिस्सेदार आहेत, हे आधी स्पष्ट लिहू या.

हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. आजोबा त्यानंतर मृत्युपत्र न करता वारले असतील, तर त्यांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलींचा वाटा तेव्हापासूनच आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, पण तिच्यात आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. पुढे विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले, की २००५ ची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटपे मात्र कायम राहतात. धागाकर्त्यांच्या घरी वाटप झालेलेच नाही.

आमच्या माहेरी काय झाले ते सांगते. वडिलांच्या वर्षश्राद्धाला आम्ही बहिणी गेलो, तेव्हा जेवणानंतर हक्कसोडपत्राचा मसुदा पुढे आला. भावांनी कधी वाईट वागवले नव्हते, भाऊबीज चुकवली नव्हती, म्हणून दोघी बहिणी लगेच तयार झाल्या. माझी एक बहीण विधवा आहे आणि पुण्यात भाड्याने राहते. ती गप्प बसली. तिची गरज कोणीही विचारली नाही. मी त्या दिवशी तो कागद थांबवला. पुढे महिनाभर फोनवर बोलणे झाले आणि शेवटी तिच्या नावाने घराजवळचे एक वावर वेगळे ठेवले गेले, आम्ही दोघींनी आमचा हिस्सा भावांना सोडला. संबंध तुटले नाहीत. हक्क सोडायचा असेल तर तो समजून-उमजून, सवड घेऊन, नोंदणीकृत दस्ताने सोडावा, आणि ज्या बहिणीला गरज आहे तिला आधी विचारावे.

आणखी एक मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. गावात राहून घरे राखणारी व्यक्ती बहुतेक वेळा घरातली सून असते, जशा धागाकर्त्यांच्या आई. त्यांचे स्वतःचे नाव सातबाऱ्यावर आहे का? पती हयात असताना ते स्वेच्छेने पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावू शकतात. त्यासाठी शासनाची लक्ष्मी मुक्ती योजना आहे. राखणीचा मोबदला म्हणून पैशांचा हिशेब मांडण्यापेक्षा, ज्या हातांनी राखले त्यांचे नाव उताऱ्यावर येणे मला अधिक न्याय्य वाटते.

शिवसागरकाठ

सर्वांचे आभार. माथाडीपुत्र, आपले म्हणणे पटले. आमच्याही घरी कौले मुंबईच्या पैशांनी आली होती, हे आईने काल आठवणीने सांगितले. ताई, वडील हयात आहेत. आईच्या नावाविषयी या आठवड्यातच तहसीलला विचारतो.

कुलमुखत्यारपत्राविषयी अजून कोणी लिहिलेले नाही. भावांचे म्हणणे असे, की ‘आम्ही फक्त आमच्या हिश्श्यापुरता अधिकार देतो आहोत, तुमच्या जमिनीला हात लागत नाही.’ हे कितपत खरे आहे?

दिवाणी वकील

अर्धेच खरे आहे. सहहिस्सेदाराला आपला अविभक्त हिस्सा विकता येतो; त्यासाठी इतरांची संमती लागतेच असे नाही. पण वाटप झालेले नसताना तो ‘रस्त्याकडेचा अमुक गट’ किंवा ‘तळ्याकडची पूर्व बाजू’ अशी चतुःसीमा घालून विकू शकत नाही. खरेदीदाराला मिळतो तो फक्त अविभक्त हिस्सा आणि वाटप मागण्याचा हक्क. अडचण अशी, की मध्यस्थ साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, बहुतेक वेळा पाण्याच्या काठची, रस्त्याची चांगली बाजू लिहून घेतो आणि मग प्रत्यक्ष ताब्याचा आग्रह धरतो. तिथून गावात राहणाऱ्यांच्या अडचणी सुरू होतात. म्हणजे हात लागतो तो तुमच्याही जमिनीला.

राहत्या घराला कायद्याने जास्त संरक्षण दिले आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ४४ प्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने घेतला, तरी त्याला त्या घरात कुटुंबासोबत संयुक्त ताबा मागता येत नाही. तो वाटपाचा दावा घेऊन आला, तर विभाजन कायदा १८९३ च्या कलम ४ प्रमाणे कुटुंबातील हिस्सेदार न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा परत विकत घेऊ शकतात.

शेतजमिनीसाठी हिंदू वारसा कायद्याचे कलम २२ आहे. मृत्युपत्र न करता वारलेल्या व्यक्तीच्या वर्ग एकच्या, म्हणजे पत्नी, मुले-मुली, आई अशा सर्वांत जवळच्या, वारसांपैकी एकाने आपला हिस्सा विकायचे ठरवले, तर इतर वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क असतो. ही तरतूद शेतजमिनीलाही लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. मात्र हा हक्क एकाच मृताच्या वर्ग एकच्या वारसांमधला आहे. दोन भावांत तो सरळ चालतो. दोन वेगवेगळ्या चुलत्यांच्या मुलांत तो चालेलच असे मी म्हणणार नाही. म्हणून चुलत भावंडांत अग्रहक्क हवा असेल, तर तो वाटपाच्या दस्तातच सर्वांच्या सह्यांनी लिहून घ्यावा: विकणाऱ्याने प्रथम घरातल्यांना लेखी कळवायचे, किती मुदत द्यायची आणि भाव कसा ठरवायचा, इतके तरी त्यात असावे.

कुलमुखत्यारपत्र द्यायचेच असेल तर ते घरातल्या माणसाला द्यावे, आणि तेही वारस नोंदीसाठी हजर राहणे, अर्जावर सही करणे अशा नेमलेल्या कामांपुरते. विक्रीचा, विसार स्वीकारण्याचा, साठेखत करण्याचा अधिकार मध्यस्थाच्या हाती देणे म्हणजे कोणता खरेदीदार आणि कोणता भाव, हे दोन्ही निर्णय सोडून देणे. आणि खरेदीदार शेतकरी आहे का, हे विचारायला विसरू नये. महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन विकण्यासाठी पूर्वपरवानगी लागते; ती न घेता केलेला व्यवहार पुढे अवैध ठरू शकतो आणि त्यात विकणाराही अडकतो.

नाचणी-वरी

मी कांदाटी खोऱ्यातला, बारा महिने गावातच असतो. वरची चर्चा मालकांची आहे. शेजाऱ्यांचे काय होते, ते मला सांगायचे आहे.

डोंगरउताराची शेती एकट्याने होत नाही. पूर्वी शेजारीशेजारी सगळ्यांची नाचणी आणि वरी असायची, तेव्हा राखणीला प्रत्येक माळ्यावर माणूस असे. आता चार वावरे पडीक आणि मध्ये माझे एक, अशी स्थिती आहे. पडीक वावरात करवंदीची जाळी आणि घाणेरी माजते, त्यात रानडुकरे दिवसा दडतात आणि रात्री माझ्या पिकात उतरतात. दाणा भरायच्या दिवसांत गव्यांचा कळप एकदा येऊन गेला की दुसऱ्या दिवशी कापायला काही राहत नाही. वन खात्याकडून भरपाई मिळते, पण तिच्यासाठी पंचनामा लागतो, आणि सामाईक सातबारा असला की भरपाई कोणाच्या खात्यावर जमा करायची, यावरून इतर हिस्सेदारांची संमतीपत्रे मागतात. मुंबईहून ती सह्या होऊन येईपर्यंत हंगाम संपतो. पीक कर्जाचे तेच. वाटप झाले तर मला याचा पहिला फायदा होईल.

दुसरी गोष्ट पाण्याची आणि वाटेची. आमच्या वरच्या अंगाला एक झरा आहे. तो एका कुटुंबाच्या गटात येतो, पण त्यावर तीन आवाड, म्हणजे घरांचे तीन पुंजके, पाणी भरतात, गुरे तिथेच पितात. कधी कोणी अडवले नाही, म्हणून कधी कोणी लिहूनही ठेवले नाही. खोऱ्याच्या पलीकडच्या अंगाला असाच एक गट विकला गेला. नव्या मालकाने चहूबाजूंनी तारेचे कुंपण घातले, फाटक बसवले आणि झऱ्यावरची वाट बंद झाली. बायका आता डोंगराला वळसा घालून पाणी आणतात. विकणाऱ्यांना हे घडेल याची कल्पनाही नव्हती. घेणाऱ्यालाही कोणी सांगितले नव्हते, की इथून वाट आहे.

वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलतदार न्यायालय कायदा १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. हे त्या लोकांना कळले तोवर मुदत उलटली होती. शेतात जायला रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो, तो मार्ग त्यांनी आता धरला आहे.

जमीन राखून पोट भरते का, असे मला नेहमी विचारले जाते. नुसत्या नाचणीवर भरत नाही, हे खरे. हिरडा, मध, पाणी ओसरल्यावरची गाळपेर, दोन म्हशी, आणि आता पर्यटकांची जेवणे, असे सगळे मिळून भरते. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, ते अशाच डोंगरातले आहे. मधपेटीला आपल्या मालकीची जमीन फारशी लागत नाही, पण भोवतालचे रान फुलते राहावे लागते. रान तुकड्यातुकड्याने कुंपणात गेले तर माशी जाईल.

पाटणखोरे

एक छोटी भर. विक्रीचा भाव ठरवण्याआधी सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचावा. आमच्या गटांवर खाजगी वनाची नोंद निघाली आणि बोलणी तिथेच संपली. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याची छाया डोंगरी गावांत अनेक गटांवर आहे. कुळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर तिथे कलम ४३ चा, म्हणजे परवानगीशिवाय विकता येणार नाही असा, शेरा असतो; २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर आकारणीच्या चाळीस पट रक्कम भरून तो अडसर दूर होतो. शिवाय आपला भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारचा, आणि पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात नेमकी कोणती गावे आहेत हेही पाहावे लागेल. मध्यस्थ जो रिसॉर्टचा भाव सांगतो, तो तिथे बांधकाम होऊ शकेल असे धरून सांगतो. उताराचाही विचार व्हावा. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव येथे दरडी कोसळून माणसे गेली. डोंगर कापून सपाटी करणाऱ्याला जमीन देताना खालच्या अंगाला कोणाची घरे आहेत, हे विकणाऱ्याने पाहिलेच पाहिजे.

शिवसागरकाठ

या चर्चेतून मला बैठकीत काय मांडायचे ते ठरवता आले. गौरी-गणपतीला सगळे हिस्सेदार आणि या वेळी दोन्ही आत्याही येणार आहेत, तेव्हा ओटीवर बसून बोलू. सर्व मृतांच्या वारसांची नोंद, आत्यांसह, होईपर्यंत कोणीही विसार घेऊ नये, एवढे पहिले मान्य करून घेईन. चुलत भावांना पैशांची गरज आहे ती खरी आहे. गावातल्या आम्ही दोघा भावांनी त्यांच्यातल्या एकाचा हिस्सा हप्त्यांनी घेण्याची तयारी ठेवली आहे आणि तो भाव मध्यस्थाने सांगितलेला नसला तरी शेतजमिनीचा वाजवी भाव असेल. राखणीच्या मोबदल्याची मागणी मी पैशांत करणार नाही. थोरल्या चुलत्यांचे घर ज्यांच्या वाट्याला येईल त्यांनी पुढे वर्षाला कौलांचा आणि डागडुजीचा खर्च द्यावा, हे काम जो करील त्याला द्यावा, आणि आईचे नाव वडिलांच्या हिश्श्यात लागावे, इतकेच मांडीन.

शेवटची शंका. आमच्या काही वावरांचे हिस्से केले तर एकेकाच्या वाट्याला पाच-सात गुंठेच येतात. आणि झरा, देवळाकडची वाट, खळे या गोष्टी वाटपात कशा लिहायच्या?

निवृत्त अव्वल कारकून

पाच-सात गुंठ्यांचे हिस्से पाडता येणार नाहीत. तुकडेबंदी कायदा १९४७ चा असून २०२३ च्या अधिसूचनेनंतर जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकड्याची किमान मर्यादा, वीस गुंठे आणि बागायतीचे दहा गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा वाटपानेही निर्माण करता येत नाही. म्हणून प्रत्येक वावरात प्रत्येकाला हिस्सा देण्याचा हट्ट सोडून, एक गट पूर्ण एकाला, दुसरा गट दुसऱ्याला अशी मांडणी करावी आणि ज्याला कमी आले त्याला रकमेने भरपाई द्यावी. घराजवळचे वावर गावात राहणाऱ्याला आणि दूरचा पडीक गट विकू इच्छिणाऱ्याला, असे बसवता आले तर आपला बराच प्रश्न सुटेल. गट मोठा असून त्याचे दोन-तीन हिस्से पडणार असतील, तर आधी भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि नकाशा दस्ताला जोडावा.

झरा, वाट आणि खळे वाटून घेऊ नयेत. वाटपपत्रात ते ‘सर्व हिस्सेदारांच्या सामाईक वहिवाटीचे’ म्हणून स्वतंत्र कलमात लिहावेत. झरा कोणत्या गटात आहे, वाट कोणत्या बांधावरून किती फूट रुंदीने जाते, गुरांना ती खुली आहे की केवळ माणसांना, हे सारे मोजून लिहावे. त्या झऱ्यावर भावकीबाहेरची घरे पाणी भरत असतील तर त्यांचाही उल्लेख करावा. आणि ‘ज्या हिस्सेदाराच्या वाट्याला तो गट येईल त्याने पुढे विक्री केल्यास खरेदीखतात ही वहिवाट नमूद करणे बंधनकारक राहील’, असे वाक्य घालावे. वाटपाचा फेरफार होताना हीच नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचा लेखी अर्ज त्याच दिवशी द्यावा. तो नंतर देऊ म्हटले की राहून जातो. बैठकीआधी फेरफारांच्या नकला हातात असू द्याव्यात. जुने दप्तर शोधायला वेळ लागतो, त्यामुळे अर्ज या आठवड्यातच केलेला बरा.